सुंदररावांच्या खांद्यावरचा कान

आमच्या रुद्राणीला जर्मनीला जायचं होतं आणि तिचा बाप जाऊ देत नव्हता, एवढीच गोष्ट. पण आमच्या घरात एवढीशी गोष्ट एवढीशी ऱ्हात न्हाई.

आधी बाप कोण ते सांगते. नांदूरघाटात बसस्टँडच्या समोर कापडाचं दुकान हाय ते आमचं. सिद्धेश्वरआप्पा म्हणलं की कुणीबी बोट दाखवतं. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून हसू नका. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं म्हणतात, तर होऊ दे थोडं, लई तापवलंय मला. तसा माणूस वाईट न्हाई. माप बरोबर, बोलणं गोड, गिऱ्हाईक आलं की चहा. पण मानपान म्हणलं की डोकं फिरतं. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त बघायच्या आधी आपलं नाव कितव्या ओळीत हाय ते बघतात. लई खाली असलं की आहेर घेऊन मला एकटीला पाठवतात आणि आपण डोकं दुखतंय म्हणून गादीवर बसतात. एका लग्नात ह्यांच्या आधी दुसऱ्याला फेटा बांधला, तर हे भरल्या पंगतीतून उठून आले. मी मात्र जेवून आले. बुंदी चांगली होती.

रुद्राणी आमची एकुलती. बारावी झाल्यावर पुण्याला माझ्या भावाकडं ठेवली. ते दिवस म्हणजे गावात एसटीडीचा पिवळा बूथ निघालेला, दोन-चार घरांवर डिशच्या छत्र्या आलेल्या, आणि जो तो म्हणायचा, आता परदेशी कंपन्या येणार. भाऊ म्हणला, हिला जर्मन शिकवू, कंपन्यांना दुभाषी लागतात, पगार ऐकून आप्पा खाली बसतील. आमी म्हणलं, शिकव. ती शिकली, लई चांगली शिकली, एम.ए.ला पहिली आली, एका कंपनीनं बोलावणंबी धाडलं. आणि बाई म्हणती काय, मला कंपनीत जायचं न्हाई. मला सहाशे वर्षांपूर्वीची जर्मन शिकायचीय. त्या काळची काव्यं, हातानं लिहिलेली पुस्तकं, त्या पुस्तकांतली आणि चर्चमधली चित्रं. तिकडच्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती दिलीय, पीएचडीला तीन-चार वर्षं लागतील.

मालकांनी बूथवर जाऊन भावाला फोन लावला. ही सहाशे वर्षांपूर्वीची जर्मन आता तिकडं कोण बोलतं, असं विचारलं. माझा भाऊ भोळा. तो म्हणला, कुणीच न्हाई, आताच्या जर्मन लोकांनाबी ती धड कळत न्हाई. झालं. मालकांनी फोन ठेवला आणि विषय संपवला. मग दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे की जे जर्मन जर्मन माणसाला कळत न्हाई ते शिकायला आमची पोरगी निघालीय. शेजारची भिवराबाई तर म्हणली, जर्मनची भांडी केजच्या बाजारात किलोवर मिळतात, त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं. तिला जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम एवढंच ठाऊक, काय समजावणार. मी म्हणले, तिथली जाड असतात.

रुद्राणी रडली न्हाई की भांडली न्हाई. आप्पा हो म्हणल्याशिवाय जाणार न्हाई, एवढंच म्हणली आणि आपल्या खोलीत झेरॉक्स पसरून बसली. त्या झेरॉक्सवर काळीकुट्ट चित्रं. मधी एखादी देवबाई मांडीवर लेकरू घेऊन बसलेली, आणि खाली कोपऱ्यात बोटाएवढी माणसं हात जोडून. मी एकदा विचारलं, ही बारकी माणसं कोण गं. तर म्हणली, तीच तर माझा विषय हाय. एवढी मोठी देवबाई सोडून हिला बारकी माणसंच सापडली. मी पुढं विचारलं न्हाई, तव्यावर भाकरी करपायली होती.

मी मात्र ठरवलं की पोरगी जाणार. मालक न्हाई म्हणले की माझ्या तोंडातून हो निघतं, ही लग्नापासूनची सवय हाय. आमच्यात सकाळी इष्टलिंगाची पूजा असते. कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन मालक बसले की पूजा होईस्तोवर तोंड उघडत न्हाईत. मी तेवढ्यात सगळं बोलून घेते. दसऱ्यापासून मी रोज त्यांच्या पाठीमागं उभी राहून बोलायची, की पोरगी हुशार हाय, जाऊ द्या, लोकाच्या पोरी चाललेल्या टीव्हीत दाखवतात, आपलीच कावून अडवता. ते मधीच जोरानं घंटी वाजवायचे. घंटी थांबली की मी पुढं चालू. पूजा आटोपून उठले की एकच शब्द बोलायचे, न्हाई. आणि नाश्त्याला काय हाय ते विचारायचे.

असं चाललेलं असताना संक्रांतीच्या सुमाराला रुद्राणी मामाकडं पुण्याला गेलेली, तिचा बूथवर फोन आला की तिची तिकडची प्राध्यापिका पुण्यात भाषणाला आलीय. ओटिलिया क्राम तिचं नाव. तिच्याच हाताखाली रुद्राणीला शिकायचं होतं. वडील कावून पाठवत न्हाईत, असं त्या बाईनं विचारलं. पोरीनं काय सांगितलं कोण जाणे, पण बाई म्हणली, मी गावाला येते आणि वडिलांना भेटते. एका मास्तरणीनं पोरीच्या बापाची समजूत घालायला नांदूरघाटला यायचं म्हणजे काय चेष्टा हाय? मालकसुद्धा जरा हबकले. म्हणले, येऊ दे, दारात आलेल्याला मी चहा देतो, पण पोरीचं न्हाई ते न्हाई.

आता बूथवर बोललेलं बूथमधी ऱ्हात न्हाई. संध्याकाळपर्यंत ते सुंदररावांच्या कानावर गेलं. सुंदरराव आमच्या भागाचे पुढारी. मोठी जमीन, पांढरी जीप, दोनदा जिल्हा परिषदेत निवडून आलेले. त्यांनी विचार केला की जर्मनीचं माणूस आपल्या तालुक्यात कशाला येईल? कारखान्याला जागा बघायला. रुद्राणी आल्या आल्या त्यांच्या घरी जाऊन सांगून आली की बाई जुन्या चित्रांच्या प्राध्यापक हायत, त्यांचा कशाचाच कारखाना न्हाई. सुंदरराव हसले. म्हणले, पोरी, मोठी माणसं आधी असंच सांगतात, जमिनीचे भाव वाढू नयेत म्हणून.

आणि सत्कार ठरला. आमच्याकडं सत्काराशिवाय माणसाला वेशीच्या बाहेर पडता येत न्हाई. कुणाचं पोरगं फौजदार झालं की सत्कार, कुणाची बदली झाली की सत्कार, ती बदली रद्द झाली की परत सत्कार. बसस्टँडच्या मैदानात, बरोबर आमच्या दुकानाच्या तोंडासमोर मांडव पडला. मांडवाचं कापड, शाली, फेटे, सगळं मालकांनी आपण होऊन दुकानातून दिलं. पाहुणी शेवटी आमची होती. सुंदररावांनी चार माणसांत शब्द दिला की आप्पा, बोर्डावर तुमी माझ्या बराबर, खांद्याला खांदा.

बोर्डाचं नीट सांगायला पाहिजे, कारण पुढं सगळं त्याच्यावरूनच झालं. तेव्हा आतासारखे छापील फलक नव्हते. पत्र्याचा मोठा बोर्ड करायचा आणि त्याच्यावर पेंटरनं हातानं माणसं रंगवायची. मधी पाहुणा, सगळ्यांत मोठा. त्याच्या बाजूला पुढारी, जरा लहान. खाली ओळीनं बाकीचे, ज्याचा जेवढा मान तेवढं त्याचं डोकं. कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं ह्याच्यावरून आमच्या गावात सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं हाय. पेंटर म्हणजे बंकट. हात बरा होता, पण सगळ्यांना एकच तोंड आणि एकच मिशी काढायचा. खाली नाव वाचायचं आणि समजून घ्यायचं. बाईचा फोटो कुणाकडंच नव्हता. मग बंकटनं देवी काढतात तशी बाई काढली, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात नथ. फक्त केस पिवळेधमक रंगवले, कारण परदेशी बाईचे केस पिवळे असतात हे त्याला ठाऊक होतं.

आणि तिच्या उजव्या हाताला सुंदरराव, आणि सुंदररावांच्या खांद्याला खांदा लावून आमचे मालक. भगवा फेटा, मान वळवून बाईकडं बघायलेत. त्या दोन दिवसांत मालक सारखे काहीतरी निमित्त काढून मैदानात जायचे आणि बोर्ड बघून यायचे. मी त्यांना लग्नात एवढं खूष बघितलं न्हाई, रुद्राणी झाली तेव्हाबी न्हाई. जेवताना आपण होऊन म्हणले, बाई आल्या की बोलू सविस्तर. रुद्राणीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बर्फ वितळला.

कसलं काय. सुंदररावांचे साडू शिवशंकर, साखर कारखान्याचे संचालक. ते आदल्या दिवशी बोर्ड बघायला आले आणि फुगले. व्यापारी माणूस पुढाऱ्याच्या खांद्याला खांदा आणि आमी खालच्या ओळीत का, असं म्हणले. निवडणूक जवळ आलेली. सुंदररावांनी बंकटला बाजूला घेतलं आणि म्हणले, जमवून घे.

सकाळी मालक पूजा करून, विभूती लावून, नवं धोतर नेसून मैदानात गेले. बघतात तर त्यांच्या जागेवर पांढरा रंग, त्याच्यावर झेंडूचा हार काढलेला. आणि मालक कुठं, तर सगळ्यांत खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात. लिंबाएवढं डोकं. खाली लिहिलेलं, कापड दुकानदार.

ते ओरडले असते तर मी घाबरले नसते. पण ते परत आले, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत गादीवर जाऊन बसले. मी वाकून आत गेले तर म्हणले, मी सत्काराला येत न्हाई, त्या बाईला घरी चहा पाजा आणि पाठवून द्या, आणि पोरगी कुठंबी जाणार न्हाई, आता हे शेवटचं. मी म्हणले, अहो, बंकटनं तुमचं डोकं बारकं केलं त्यात पोरीचा काय गुन्हा. तर म्हणले, पोरीच्या पायीच हा तमाशा झाला, गावानं माझी जागा दाखवली मला. मी लई बोलले. ते तोंड भिंतीकडं करून बसले.

रुद्राणी दारात उभी राहून ऐकायली होती. ती घरात गेली आणि सगळ्या झेरॉक्स गोळा करून पेटीत ठेवायला लागली. तिचं ते नीट घड्या घालून ठेवणं बघून त्या शिवशंकरला आणि सुंदररावाला मनातल्या मनात मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं सांगता येत न्हाईत.

बाई आली ती दुपारच्या आधी, धुळीनं माखलेल्या गाडीतून. जामखेडच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली असणार, पण हसत उतरली. साठीची, उंच, काडीसारखी, सुती विजार घातलेली, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. केस पिवळे न्हाई, माझ्यासारखेच पांढरे. हलगी वाजली, सुवासिनींनी ओवाळलं, डोक्यावर भगवा फेटा बांधला. तिनं मान हलवून तो घट्ट बसलाय का बघितलं आणि खूष झाली. मग व्यासपीठावर नेऊन बसवली. समोर सगळं गाव. मी बायकांत पहिल्या रांगेत. सगळ्यांना वाटलं आप्पाला बरं न्हाई.

सुंदररावांनी भाषण सुरू केलं. नांदूरघाटात जमीन कशी मुबलक हाय, पाणी कसं येणार हाय, वीज कशी जात न्हाई. तेवढ्यात वीज गेली. जनरेटर चालू करून पुढचं भाषण झालं. रुद्राणीच्या हातात दुसरा माईक दिलेला, तिनं एक-एक वाक्य जर्मनमधी सांगायचं. पोरगी सांगायली होती, पण जीव नव्हता आवाजात.

आणि बाईचं लक्षच न्हाई. ती बसली होती आमच्याकडं तोंड करून, पण मागं असलेल्या बोर्डावर तिची नजर गेली आणि ती खुर्चीसकट वळली. गावाकडं पाठ. सुंदरराव रस्त्यांवर आले तोवर ती उठून बोर्डाजवळ गेली. पाणीपुरवठ्यावर आले तोवर तिनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली, चष्मा लावला आणि पिशवीतून भिंग काढलं. आधी स्वतःचं चित्र बघितलं, नथ बघितली, नाकाला हात लावून हसली. मग बोर्डावरच्या सुंदररावांच्या खांद्यापाशी नाक नेलं आणि चक्क वास घेतला. सुंदरराव बोलायचे थांबले. बाई रुद्राणीला भराभरा काहीतरी सांगायला लागली. पोरीच्या तोंडावर असा काही भाव आला की मी खुर्चीच्या टोकावर सरकले.

सुंदररावांना वाटलं बोर्ड लई आवडला. ते म्हणले, काय म्हणतात मॅडम, माईकवर सांग, लोकांना कळू दे. रुद्राणी म्हणली, काका, राहू द्या. ते म्हणले, सांग सांग, लाजू नको.

तिनं माईक तोंडापाशी धरला आणि पुण्याच्या मराठीत म्हणली, “बाई म्हणतात, या बोर्डावर एक कान जास्त आहे.”

सगळं गाव कान मोजायला लागलं. आणि खरंच होता की हो. सुंदररावांच्या खांद्याच्या वर, झेंडूच्या हाराच्या जरा बाहेर, एक आख्खा कान. मी सकाळपासून बघत होते, मला वाटलं हारातलं फूल हाय. बंकट पेंटर मांडवाच्या खांबामागं गेला.

सुंदररावांनी माईक मागितला, पण बाई थांबायला तयार न्हाई आणि पोरगीबी आता थांबेना. बाई म्हणतात, इथं आधी एक माणूस होता, साहेबांच्या बरोबरीनं. पांढऱ्या रंगाच्या खालून भगवा फेटा दिसतोय. रंग ताजा आहे, अजून टर्पेंटाईनचा वास येतो. घाईनं झाकलंय, कारण बाकीच्या हारांची फुलं भरगच्च आहेत आणि इथं नुसते ठिपके आहेत. मग बाई फेटा सांभाळत खालच्या ओळीपाशी उकिडवी बसली. एकेका डोक्यावरून भिंग फिरवत डाव्या कोपऱ्यात गेली आणि लिंबाएवढ्या डोक्यावर बोट ठेवलं. म्हणली, तो हा. वरून काढून इथं आणून बसवलाय.

सुंदररावांच्या तोंडून निसटलं, हिला कसं कळलं. रुद्राणीनं विचारून सांगितलं की बाकी सगळे समोर बघतात, ह्या एकट्याची मान अजून वर वळलेली आहे. बंकटनं वरचं तोंड जसंच्या तसं खाली उतरवलं होतं, दुसरं काय.

मग बाईनं उभं राहून एक प्रश्न विचारला आणि रुद्राणी तो सांगताना अडखळली. “बाई विचारतात, या माणसानं असं काय बिघडवलं होतं?”

लाऊडस्पीकरचा भोंगा आमच्या दुकानासमोरच्या खांबाला बांधलेला, तोंड बरोबर दुकानाकडं. मागून शटर वर गेल्याचा खडाड आवाज आला. मालक बाहेर आले. पायात काही न्हाई. माणसं बाजूला झाली आणि ते मधून चालत व्यासपीठावर चढले.

बाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या कानाकडं बघितलं, मग बोर्डावरच्या कानाकडं. बंकटला जन्मात कुणाचं तोंड जमलं न्हाई, पण आमच्या मालकांचे कानच असे हायत, अळूच्या पानासारखे, की ते त्याच्याकडून बरोबर निघाले. बाईनं दोन्ही हात जोडले आणि फेट्यासकट वाकून नमस्कार केला. आमच्या मालकांना असा नमस्कार पुढं होणारा जावईसुद्धा करणार न्हाई.

मालकांनी पोरीला विचारलं, “हे ती त्या जुन्या चित्रांत बी वळखती?”

“वळखतात आप्पा. हेच काम हाय त्यांचं. मला हेच शिकायचंय.”

मग बाईनं एक गोष्ट सांगितली आणि रुद्राणीनं ती आमच्या भाषेत सांगितली. माईक चालूच होता, सगळ्या गावानं ऐकली. तिकडं एका गावात मिठाचा व्यापारी होता. चर्चमधलं मोठं चित्र त्यानं आपल्या खर्चानं करवून घेतलं आणि पेंटरनं त्याला देवाच्या आईच्या शेजारी काढलं, हात जोडून, मागं बायको आणि पोरी. तो मेला. पुढं तिथल्या मोठ्या पाद्र्याच्या भावाला ते खुपलं. त्यानं व्यापाऱ्याला पुसून तिथं झाड काढायला लावलं, आणि व्यापारी गेला खाली कोपऱ्यात, बोटाएवढा. बाई तरुण असताना त्या चित्रासमोर दोन हिवाळे बसली, तेव्हा तिला झाडाच्या बुंध्यात त्याचा गुडघा दिसला.

मालकांनी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्याकडं बघितलं. मग म्हणले, “किती वर्षं झाली म्हणली?”

“सहाशे.”

“आणि तोवर कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई?”

“न्हाई आप्पा.”

मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय. त्यांचा बाप गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं होतं, त्यानंतर त्या दिवशी, कुठल्या कोण मिठाच्या व्यापाऱ्यासाठी. उपरणं डोळ्याला लावून म्हणले, “मग जा तू. असल्या माणसांचं कुणीतरी बघाय पायजे.”

माईक मधी होता, त्यामुळं ते गावभर ऐकू गेलं. टाळ्या वाजल्या. आमच्या गावात माईकवरून काहीबी आलं तरी टाळ्या वाजतात, पण ह्या जरा जास्त वाजल्या. शिवशंकरनं चप्पल हुडकली आणि जेवायला न थांबता गेला. सुंदररावांनी तेवढ्यात विचारून घेतलंच की कारखान्याचं काय. बाई म्हणली, माझ्याकडं विद्यापीठाच्या तळघरात एक खोली हाय आणि त्यात जुन्या चित्रांचे फोटो. सुंदररावांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण पुढारी माणूस, लगेच सावरले. बंकटला खांबामागून बोलावून म्हणले, आत्ताच्या आत्ता आप्पाला वर घे. तर बाई आडवी झाली. कुणी हात लावू नका म्हणली, जसं हाय तसं ठेवा, कान ठेवा, पांढरं ठेवा. चारी बाजूंनी फोटो काढले. आणि मालक काय म्हणावेत, तर म्हणले, ऱ्हाऊ दे तसंच, लोकांना दिसू दे.

जेवायला बाई आमच्याकडं. धपाटे आणि येसराची आमटी दोनदा मागून खाल्ली. मालक तिच्या ताटाशेजारी बसले आणि आमच्या लग्नापासून कुठल्या पत्रिकेत कुणी त्यांचं नाव कितव्या ओळीत टाकलं ते एकेक सांगायला लागले. रुद्राणी सांगून सांगून दमली. बाई दमली न्हाई. उलट विचारायची, त्या वेळी तुमच्या वरच्या ओळीत कोण होतं. मालकांना जन्मात असं ऐकणारं माणूस भेटलं नव्हतं. मी तर भाकरी वाढता वाढता उठून जायची. ऊन कलल्यावर बाई गेली, जाताना ह्यांना म्हणली, पोरीला मी सांभाळते.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. मालक पाटावर बसले. चेहरा असा खुललेला की लग्नातल्या फोटोतबी न्हाई. म्हणले, तिकडं थंडी असते, लोकरीचं कापड लातूरहून मागवतो, मोठी बॅग घ्यावी लागंल, तिकिटाचं तुझ्या भावाला विचारतो. मी भांडी आपटायले होते. ते म्हणले, काय झालं.

“तुमी हो म्हणलातच कसं?” मी म्हणले.

ते म्हणले, “तूच तर माझं डोकं खायलीस दसऱ्यापासून.”

“मी म्हणत होते. तुमी न्हाई म्हणणार हे धरून म्हणत होते.”

तोंडातून निघालं आणि मग मलाच कळलं की हे असं हाय. दार लावून धरणारं कुणीतरी असलं की बाहेरून जा जा म्हणायला काय जातंय. तीन-चार वर्षं. एकुलती एक पोर. तिकडं ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील, ती बाई? ती भिंग घेऊन बघत बसंल. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, लपवून न्हाई, चांगली हुंदके देऊन रडले. मालकांना काय करावं कळेना. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

रुद्राणी दारात येऊन उभी राहिली होती, कधी आली कोण जाणे. आत येऊन माझ्यापाशी खाली बसली. म्हणली, “आई, तू न्हाई म्हण. मी खरंच ऱ्हाते.”

आणि ती राहिली असती. माझी पोरगी हाय ती, बोलली म्हणजे बोलली. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे आता सगळं माझ्यावर होतं, मधी कुणीच नव्हतं. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, लहानपणी धुवायला धरायची तसं.

“जा बाई,” म्हणले. दसऱ्यापासून हजारदा म्हणले असंल, पण तिला पाठवायला म्हणून ते एकदाच म्हणले.